छापलेली वस्तू आणि छापण्याचा हक्क

काही वर्षांपूर्वी मी खंड्या पक्ष्याचे एक चित्र काढले आणि ते माझ्या ऑनलाइन दुकानात टी-शर्ट, मग आणि स्टिकर अशा तीन वस्तूंवर विक्रीला लावले. 'काढले' हे क्रियापद मी तेव्हा निःशंकपणे वापरत असे. प्रत्यक्षात मी इंटरनेटवर सापडलेले एक छायाचित्र संगणकावर खालच्या थरात ठेवले होते, त्यावरून रेषा ओढल्या होत्या, रंग बदलले होते, पार्श्वभूमी पुसली होती आणि चोचीतला मासा गाळला होता. दोन महिन्यांनी मूळ छायाचित्रकाराची तक्रार आली आणि संकेतस्थळाने तिन्ही पाने त्याच दिवशी काढून टाकली. मला आधी राग आला. रेषा माझ्या हाताच्या होत्या, रंग माझे होते आणि पक्षी तर निसर्गाचा होता. मग त्या माणसाचे त्यात नेमके होते काय, असे मी दोनतीन दिवस घरात ज्याला त्याला विचारत होतो. उत्तर सोपे होते, पण ते पचायला वेळ लागला. पाण्यातून उसळून वर येण्याचा तो क्षण, तो कोन, पंखांवरचा तो उजेड आणि चौकटीत पक्ष्याला दिलेली जागा या सगळ्या निवडी त्याच्या होत्या, आणि मी उचलले होते तेही नेमके तेवढेच. खंड्या कोणाच्याच मालकीचा नाही. खंड्याचे ते छायाचित्र मात्र कोणाचे तरी होते.

त्या प्रसंगानंतर मी या विषयावर बरेच वाचले. मी वकील नाही, त्यामुळे पुढचे लिखाण हा कायदेशीर सल्ला समजू नये. स्वतःच्या किंवा गिऱ्हाइकाच्या पसंतीची चित्रे वस्तूंवर छापून विकणाऱ्या एका माणसाने स्वतःसाठी करून घेतलेली ही उजळणी आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्राच्या कोपऱ्यात वर्तुळातला 'सी' नाही किंवा खाली कोणाचे नाव नाही, म्हणजे ते मोकळे आहे, असे मुळीच नसते. १८८६ साली बर्न येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने जी चौकट घालून दिली आणि जगातील बहुतेक देशांनी जी स्वीकारली, तिच्यात प्रताधिकार (कॉपीराइट) हा कृती निर्माण झाल्याबरोबर आपोआप मिळतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, चिन्हही लागत नाही. मुदतीचा किमान दंडक निर्मात्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांचा आहे, युरोपीय संघात ती मुदत ७० वर्षे आहे, भारतात ६० वर्षे. त्यामुळे एखादे चित्र शोधयंत्रात सापडले, चित्रे साठवण्याच्या संकेतस्थळांवर हजार वेळा फिरले किंवा आपल्या आधी पन्नास जणांनी छापले, यांपैकी कशानेही आपल्याला परवानगी मिळत नाही. 'मला माहीत नव्हते' या उत्तराचा उपयोग फार तर भरपाईची रक्कम कमी होण्यापुरता होतो. उल्लंघन झाले की नाही हे त्यावरून ठरत नाही.

माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा एकाच भेदात आहे, आणि तो भेद एकदा समजला की पुढची गुंतागुंत बरीच सुटते. चित्र असलेली वस्तू ही एक मालमत्ता असते आणि ते चित्र छापण्याचा हक्क ही दुसरी. पहिली विकत घेतली म्हणून दुसरी हातात येत नाही. एखाद्याने पोस्टर विकत घेतले तर तो ते भिंतीवर लावू शकतो, कोणाला देऊ शकतो, वापरून झाल्यावर विकूही शकतो. चित्राच्या हक्कधारकाचा त्या विशिष्ट कागदावरचा वितरणाचा हक्क पहिल्या विक्रीबरोबर संपतो. पण त्या पोस्टरवरून दुसरी प्रत काढण्याचा हक्क विकत घेणाऱ्याकडे कधी आलेलाच नसतो.

ही रेषा किती बारीक असू शकते हे पाहण्यासाठी युरोपीय न्यायालयाने २०१५ साली निकाली काढलेला ऑलपोस्टर्सचा खटला वाचण्यासारखा आहे. ही कंपनी चित्रकारांच्या परवानगीने छापलेली कागदी पोस्टरे घेत असे आणि रासायनिक प्रक्रियेने त्यांवरची शाई कागदावरून सोडवून कॅनव्हासवर उतरवत असे. प्रक्रिया संपल्यावर कागदावर चित्र उरत नसे, म्हणजे आधीही एकच प्रत होती आणि नंतरही एकच. तरीही न्यायालयाने म्हटले की परवानगी होती ती कागदी पोस्टर बाजारात आणण्याची. माध्यम बदलल्याने नवी वस्तू तयार झाली आणि त्या वस्तूसाठी हक्कधारकाची संमती वेगळी हवी. अमेरिकेत याच्याशी मिळत्याजुळत्या प्रश्नावर दोन अपील न्यायालयांची तोंडे दोन दिशांना आहेत. पुस्तकातली चित्रे कापून फरशीच्या तुकड्यांवर चिकटवून विकणे हे १९८८ साली एका न्यायालयाने उल्लंघन ठरवले, तर १९९७ साली दुसऱ्या न्यायालयाने त्याच कंपनीच्या, त्याच पद्धतीने कार्डे चिकटवलेल्या फरश्यांबाबत म्हटले की यात नवी कलाकृती झालेलीच नाही, चित्राला चौकट बसवण्यासारखेच हे आहे. छापील कापड, जुनी मासिके किंवा खेळायचे पत्ते वापरून नव्या वस्तू बनवणाऱ्यांनी हे दोन्ही निकाल ध्यानात ठेवावेत, कारण आपले गिऱ्हाईक कोणत्या न्यायालयाच्या हद्दीत बसले आहे हे इंटरनेटवर आपल्याला निवडता येत नाही.

हाच भेद परवान्यांनाही लागू पडतो, आणि माझ्या ओळखीच्या विक्रेत्यांपैकी सर्वाधिक जण इथेच अडखळलेले मी पाहिले आहेत. पैसे भरून चित्रसंग्रहातून चित्र उतरवले की ते आपले झाले, असा समज असतो. खरे पाहता तिथे विकला जातो तो परवाना, आणि परवान्याला कशासाठी, किती प्रतींसाठी आणि कोणत्या वस्तूसाठी अशा कडा असतात. अनेक चित्रसंग्रहांचा साधा परवाना लेखासोबत, जाहिरातीत किंवा सादरीकरणात चित्र वापरू देतो. पण ज्या वस्तूचे मोलच त्या चित्रामुळे आहे, अशी वस्तू पुन्हा विकायची असेल तर वेगळा, वाढीव परवाना घ्यावा लागतो. टी-शर्ट आणि मग नेमके त्याच प्रकारात मोडतात. तयार साचे देणाऱ्या डिझाइनच्या साधनांतही तीच अट वेगळ्या शब्दांत असते: त्यांच्या संग्रहातला घटक जसाच्या तसा उचलून वस्तूवर छापू नये, तो एका मोठ्या, स्वतंत्र रचनेचा भाग असावा. अक्षरांचेही तसेच आहे. अमेरिकेत अक्षराच्या वळणाला प्रताधिकार मिळत नाही, पण ते वळण संगणकावर उमटवणाऱ्या फॉन्टच्या फाइलला आज्ञावली म्हणून संरक्षण मिळू शकते, आणि 'वैयक्तिक वापरासाठी मोफत' असे लिहिलेला फॉन्ट विक्रीच्या टी-शर्टावर वापरला की परवान्याचा भंग होतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे निर्माते आपले काम ठरावीक अटींवर सर्वांना खुले करतात त्या, परवान्यांत 'अव्यावसायिक' असा शब्द असेल तर आपल्या कामासाठी ते दार बंद आहे. 'बदल नको' असेल तर चित्र कापता-रंगवताही येत नाही. आणि 'त्याच अटींवर वाटा' असेल तर आपण त्या चित्रावरून केलेली नवी रचनाही त्याच अटींवर इतरांना खुली करावी लागते. हा शेवटचा मुद्दा फार थोडे जण वाचतात.

परवान्याच्या कडा ओलांडण्याची किंमत काय असते याचे एक उदाहरण मांजराचे आहे. 'ग्रम्पी कॅट' या नावाने प्रसिद्ध झालेल्या मांजराच्या मालकांनी एका पेय-कंपनीला थंड कॉफीच्या एका उत्पादनासाठी तिचे चित्र व नाव वापरण्याची परवानगी दिली होती. कंपनीने तेच चित्र इतर उत्पादनांवरही लावले. २०१८ साली कॅलिफोर्नियातील ज्यूरीने मालकांना सात लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. त्या कंपनीजवळ परवाना नव्हता असे नाही. परवाना होता, पण दुसऱ्या वस्तूचा होता.

आता 'किती बदलले की चालते' या प्रश्नाकडे वळतो, कारण मला येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारलेला असतो. वीस टक्के, तीस टक्के, सात बदल असे आकडे विक्रेत्यांच्या गटांत वर्षानुवर्षे फिरत आहेत आणि त्यांना कोणत्याही कायद्याचा आधार नाही. न्यायालय मोजपट्टी घेऊन बसत नाही; मूळ कृतीतला महत्त्वाचा भाग घेतला आहे का, आणि घेतला असेल तर तो वापर न्याय्य ठरवता येईल असे काही कारण आहे का, हे पाहते. मूळ कृतीवर आधारलेली नवी रचना करण्याचा हक्कही मूळ निर्मात्याकडेच असतो, त्यामुळे चाहत्याने प्रेमाने काढलेले कार्टून-पात्राचे चित्र पूर्णपणे त्याच्या हातचे असले तरी ते विकण्यासाठी परवानगी लागते. अनेक हक्कधारक अशा चित्रांकडे काणाडोळा करतात हे खरे. पण काणाडोळा म्हणजे परवाना नव्हे, आणि चित्र वहीत असेपर्यंत मिटलेले डोळे ते विक्रीला लागल्यावर बहुधा उघडतात.

टी-शर्टच्या बाजूने लागलेला एक निकाल आहे, आणि तो मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण विक्रेते त्याचा अर्धाच भाग सांगतात. अमेरिकेतील मॅडिसन शहराचे तेव्हाचे महापौर पॉल सॉग्लिन हे विद्यार्थिदशेत ज्या रस्त्यावरच्या वार्षिक मेजवानीत सहभागी झाले होते, तीच त्यांनी महापौर झाल्यावर बंद करू पाहिली. त्यावर टीका करण्यासाठी एका छोट्या कंपनीने शहराच्या संकेतस्थळावरून त्यांचे छायाचित्र उतरवले, चेहरा हिरवा केला, तपशील इतके पुसले की बाह्यरेषा आणि हास्य यांपलीकडे फारसे काही उरले नाही, आणि भोवती एक खोचक वाक्य छापून टी-शर्ट विकले. विकले गेले ५४. छायाचित्रकाराने दावा लावला, आणि २०१४ साली अपील न्यायालयाने हा वापर न्याय्य ठरवला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. मात्र त्याच निकालपत्रात न्यायालयाने विक्रेत्यांनाही सुनावले आहे, की थट्टा महापौरांची करायची होती, त्या छायाचित्राची नव्हे; मग दुसऱ्याच्या मेहनतीपासूनच सुरुवात करण्याचे त्यांना काही कारण नव्हते. मूळ कृतीतले जवळजवळ काहीच उरले नव्हते, म्हणून ते वाचले. माझ्या खंड्याच्या चित्रात सगळेच उरले होते.

आणि २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रकार अँडी वॉरहॉलच्या संदर्भात दिलेल्या निकालानंतर तर 'मी त्याला नवे रूप दिले' हा युक्तिवाद आणखी अरुंद झाला आहे. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये गायक प्रिन्सचे छायाचित्र काढले. १९८४ मध्ये एका मासिकाने ४०० डॉलर देऊन ते चित्रकाराला संदर्भ म्हणून, एकदाच वापरण्यासाठी घेतले. वॉरहॉलने मात्र त्यावरून एकच नव्हे तर चित्रांची मालिका केली, आणि २०१६ मध्ये प्रिन्सच्या निधनानंतर त्या मालिकेतले एक नारिंगी चित्र वॉरहॉलच्या प्रतिष्ठानने एका प्रकाशनाला १० हजार डॉलरला वापरू दिले. न्यायालयाने चित्राची शैली किती वेगळी आहे यापेक्षा त्या विशिष्ट वापराचा हेतू काय होता हे पाहिले: मासिकासाठी प्रिन्सचे चित्र पुरवणे, म्हणजे मूळ छायाचित्र ज्यासाठी विकले जाते तेच. सात विरुद्ध दोन मतांनी निकाल गोल्डस्मिथ यांच्या बाजूने गेला. एवढ्या नामवंत चित्रकाराच्या शैलीने जे साधले नाही, ते आपल्या फिल्टरने साधेल अशी आशा धरणे मला तरी धाडसाचे वाटते. शिवाय न्याय्य वापराची ही लवचीक संकल्पना अमेरिकेची आहे. भारतासह अनेक देशांत कायद्यात नेमून दिलेल्या अपवादांतच बसावे लागते, आणि त्या अपवादांत 'वस्तूवर छापून विकणे' सहसा सापडत नाही.

शब्दांच्या बाबतीत परिस्थिती जरा वेगळी आहे. लहान वाक्यांश, नावे, शीर्षके यांना साधारणपणे प्रताधिकार मिळत नाही, आणि हे समजल्यावर अनेकांना मोकळे रान सापडल्यासारखे वाटते. तिथे व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा) कायदा उभा असतो. १९३९ साली ब्रिटिश सरकारने युद्धकाळासाठी 'कीप काम अँड कॅरी ऑन' हे पोस्टर छापले. त्याच्या प्रती फारशा बाहेर आल्याच नाहीत, आणि २००० साली एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडल्यावर ते जगभर मगांवर आणि टी-शर्टांवर पसरले. पोस्टरचा सरकारी प्रताधिकार कधीच संपलेला होता. तरीही २०११ मध्ये एका व्यावसायिकाने हेच शब्द युरोपीय संघात व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले, आणि कालपर्यंत बिनधास्त मग विकणाऱ्यांच्या हाती नोटिसा पडू लागल्या. पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याची कथा याहून बोलकी आहे. १९६३ साली हार्वी बॉल या अमेरिकन चित्रकाराने एका विमा कंपनीसाठी तो काढला, ४५ डॉलर घेतले आणि कोणताही हक्क नोंदवला नाही. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये फ्रँकलिन लुफ्रानी यांनी तसाच चेहरा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला, आणि त्यातून परवाने विकणारी एक मोठी कंपनी उभी राहिली. चित्र मोकळे आहे की नाही हे एकाच नोंदवहीत पाहून भागत नाही, हे मी या चेहऱ्याकडून शिकलो. वाक्य छापण्यापूर्वी ज्या देशांत विकायचे तिथल्या व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत कपड्यांच्या वर्गात शोध घ्यायला पाच मिनिटे लागतात. अशा नोंदवह्या बहुतेक ठिकाणी ऑनलाइन आणि विनामूल्य आहेत.

विडंबन केले म्हणजे सुटका, हाही अर्धाच आधार आहे. प्रसिद्ध व्हिस्कीच्या बाटलीची नक्कल करणाऱ्या कुत्र्याच्या खेळण्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली एकमताने म्हटले की दुसऱ्याच्या चिन्हाची नक्कल स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरली, तर केवळ विनोदाच्या नावाखाली विशेष संरक्षण मिळणार नाही.

मुदत संपलेल्या कृतींकडे मी आता जास्त वळलो आहे, आणि तिथेही वाट पूर्ण सपाट नाही. १९२८ सालच्या 'स्टीमबोट विली' या लघुपटातला मिकी माउस अमेरिकेत १ जानेवारी २०२४ रोजी प्रताधिकारमुक्त झाला. मुक्त झाला तो त्या लघुपटातला, कृष्णधवल मिकी. नंतरच्या चित्रपटांत त्याला मिळालेली रूपे आपापल्या वर्षी मुक्त होतात, आणि कंपनीचे चिन्ह म्हणून मिकीवरचा व्यापारचिन्हाचा हक्क अजून जिवंत आहे. व्हॅन गॉग १८९० साली वारला, त्यामुळे त्याची चित्रे जगात सर्वत्र मोकळी आहेत. परंतु संग्रहालयाने काढलेल्या त्या चित्राच्या छायाचित्राचे काय? सपाट चित्राच्या हुबेहूब छायाचित्राला नवा प्रताधिकार नाही, असे अमेरिकेतील एका न्यायालयाने १९९९ साली म्हटले, आणि युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात तीच भूमिका घेतली. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमसारखी संस्था तर आपल्या संग्रहातील मुक्त चित्रांच्या उत्तम प्रती स्वतःहून वापरायला देते. याउलट इटली. तिथल्या सांस्कृतिक वारशाच्या कायद्यानुसार सरकारी संग्रहातील कलाकृतीच्या व्यावसायिक वापरासाठी परवानगी आणि शुल्क लागते, मग चित्रकाराला जाऊन पाच शतके का लोटली असेनात. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयाने २०२२ मध्ये चित्रकार बोत्तिचेल्लीच्या चित्रातली व्हीनस कपड्यांवर छापल्याबद्दल एका फ्रेंच फॅशन-संस्थेविरुद्ध कारवाई सुरू केली, आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या न्यायालयाने लिओनार्दोच्या 'व्हिट्रुव्हियन मॅन' या रेखाटनाचे जिगसॉ कोडे विकणाऱ्या जर्मन कंपनीला मनाई केली. २०२४ मध्ये श्टुटगार्टच्या न्यायालयाने त्यावर म्हटले की इटलीचा हा कायदा इटलीबाहेर लागू होत नाही. लिओनार्दो १५१९ साली गेला. पाचशे वर्षांनंतरही त्याच्या रेखाटनावरून दोन देशांची न्यायालये एकमेकांशी असहमत आहेत, हे वाचून मला स्वतःच्या तीन काढून टाकलेल्या पानांचे दुःख बरेच हलके झाले.

चित्रात माणूस असेल तर आणखी एक थर वाढतो. छायाचित्रकाराची परवानगी मिळाली म्हणजे छायाचित्रातल्या व्यक्तीची मिळाली असे होत नाही. टॉपशॉप या ब्रिटिश दुकानाने २०१२ मध्ये गायिका रिहानाचे छायाचित्र असलेला टी-शर्ट विकला. छायाचित्रकाराचा परवाना त्यांच्याकडे रीतसर होता. इंग्लंडच्या कायद्यात प्रसिद्ध व्यक्तीला आपल्या प्रतिमेवर सर्वसाधारण हक्क नाही, तरीही हा टी-शर्ट रिहानाच्या संमतीचा आहे अशी गिऱ्हाइकाची समजूत होते या कारणाने निकाल तिच्या बाजूने लागला आणि २०१५ मध्ये अपिलातही टिकला. भारतात रजनीकांत, अमिताभ बच्चन, अनिल कपूर यांच्या बाजूने उच्च न्यायालयांनी नाव, आवाज आणि चेहऱ्याच्या अनधिकृत वापराला मनाई करणारे आदेश दिलेले आहेत. कलावंताच्या चेहऱ्याचा टी-शर्ट ही चाहत्याची भक्ती असेल. कायद्याच्या दृष्टीने तो त्याच्या नावाचा व्यापार ठरू शकतो.

गिऱ्हाईक स्वतः चित्र पाठवते आणि 'हे छापून द्या' म्हणते, तेव्हा जबाबदारी त्याची, असे मी बराच काळ धरून चाललो होतो. पानावर तशी अटही लिहिली होती. पण छापणारा मी, विकणारा मी आणि नफाही माझा, त्यामुळे हक्कधारकाच्या दृष्टीने उल्लंघन करणारा मीच असतो. गिऱ्हाइकाने दिलेली हमी फार तर नंतर त्याच्याकडून पैसे वसूल करण्याच्या कामी येईल. यात सर्वांत निरागस दिसणारी फसगत समारंभाच्या छायाचित्रांची असते. उशीवर छापायला दिलेले लग्नाचे छायाचित्र त्या जोडप्याचे असते, पण त्याचा प्रताधिकार अनेक देशांत, वेगळा करार नसेल तर, छायाचित्रकाराकडेच असतो. भारतात मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. एकाच उशीचे उत्तर देशागणिक बदलते.

ज्या संकेतस्थळांवर आपण दुकान मांडतो, त्यांची स्थिती आपल्यापेक्षा सुरक्षित असते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने आणि त्या धर्तीवर इतरत्र झालेल्या तरतुदींनी त्यांना एक आडोसा दिला आहे: तक्रार आल्यावर माल तत्परतेने हटवला तर वापरकर्त्याच्या उल्लंघनाचे खापर त्यांच्यावर सहसा फुटत नाही. म्हणूनच ती आधी हटवतात आणि मग विचारतात. पण मागणीनुसार छापून देणाऱ्या सेवांबाबत हा आडोसा नेहमी पुरत नाही. पिकाचू या कार्टून-पात्राची चित्रे असलेल्या वस्तूंवरून ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०१७ साली रेडबबल या सेवेला जबाबदार धरले. नुकसानभरपाई मात्र नाममात्र एक डॉलर ठरली. तक्रार चुकीची असेल तर अमेरिकी पद्धतीत प्रतिसूचना देता येते, आणि तक्रारदाराने दावा लावला नाही तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत पान परत येते. ती सूचना शपथेवर द्यायची असते आणि तिच्यात स्वतःचे नाव-पत्ता तक्रारदाराला कळतो, म्हणून रागाच्या भरात ती भरू नये. मी भरायला घेतली होती. 'हे माझे मूळ काम आहे' या रकान्यापाशी हात थांबला.

हक्कधारक नेहमी बलाढ्य कंपनीच असते असेही नाही, आणि हक्कधारकाचे वागणे नेहमी लोकांना रुचेल असेही नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचा ध्वज हॅरल्ड थॉमस या आदिवासी कलावंताने १९७१ साली तयार केला आणि १९९७ मध्ये न्यायालयाने त्याचा प्रताधिकार त्यांचाच असल्याचे मान्य केले. २०१८ मध्ये त्यांनी कपड्यांवरील वापराचा एकाधिकार एका खाजगी कंपनीला दिला, आणि आपलाच ध्वज टी-शर्टावर छापणाऱ्या आदिवासी संस्थांना त्या कंपनीच्या नोटिसा गेल्या. प्रचंड वादानंतर जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मोजून तो प्रताधिकार विकत घेतला आणि ध्वज सर्वांना खुला केला. या प्रकरणात कोणाची बाजू घ्यावी हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

आपण स्वतः चित्रकार असलो तर हीच व्यवस्था आपलेही रक्षण करते, पण तिच्यातही एक फट आहे जी भारतातून विकणाऱ्यांनी जाणून घ्यावी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार, जे डिझाइन औद्योगिक डिझाइन म्हणून नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, ते लावलेल्या वस्तूच्या ५० हून अधिक प्रती औद्योगिक प्रक्रियेने निघाल्या की त्यातला प्रताधिकार संपतो. स्वतंत्र चित्र कशाला म्हणायचे आणि वस्तूचे डिझाइन कशाला, यावर न्यायालयांत बराच खल झालेला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून करून घेतलेल्या चित्रांबाबत तर विक्रेत्याचे पाय आणखीच डळमळीत असतात: अमेरिकेतील अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मानवी निर्माता नसलेल्या कृतीला प्रताधिकार नाकारला, म्हणजे निव्वळ यंत्राने केलेले आपले चित्र शेजारच्या दुकानाने उचलले तर तिथे हक्क सांगणे कठीण, आणि ते चित्र कोणाच्या पात्राशी मिळतेजुळते निघाले तर उत्तर मात्र आपल्यालाच द्यावे लागणार.

हल्ली मी प्रत्येक चित्रासाठी एक साधी नोंद ठेवतो: मूळ कुठून आले, परवाना कोणता, त्या दिवशीच्या अटींची प्रत, कोणत्या वस्तूंसाठी चालते आणि व्यापारचिन्हांचा शोध कधी घेतला. अटी बदलत राहतात, म्हणून त्या दिवशीची प्रत महत्त्वाची. खंड्याच्या चित्राचीही अशी नोंद आहे. तक्रार आल्यानंतर साधारण महिन्याने मी त्या छायाचित्रकाराला क्षमा मागणारे पत्र लिहिले, विक्रीचा हिशेब पाठवला आणि रीतसर परवान्याची विचारणा केली. त्याचे उत्तर सौम्य होते. कागदावरच्या वस्तूंसाठी, त्याचे नाव छापून आणि विक्रीतला ठरावीक वाटा देऊन, त्याची हरकत नव्हती. कापडावरचा हक्क मात्र त्याने आधीच दुसऱ्या कोणाला दिलेला होता. त्यामुळे माझ्या दुकानात तो खंड्या आज फक्त स्टिकरवर मिळतो.